तिवरावरचा बिल्ला

मामा माणसाच्या तोंडाकडे आधी बघत नसत. पायांकडे बघत. कुणी दारात आलं की त्यांची नजर खाली जायची. चिखल आहे का, घोट्यापर्यंत की पोटरीपर्यंत, ओला की वाळलेला, काळा की तांबूस, हे सगळं बघून झालं की मग मान वर करून म्हणायचे, "काय रं, ये." काळा चिखल म्हणजे माणूस खाडीच्या अंगाने आलाय. तांबूस म्हणजे शेतातून. पायात बूट असले तर बोलायचेच नाहीत. "बुटातल्याला काय इचारायचं? आपण कशावर उभं हाय ते त्यालाच ठाव नाय."

ते माझे कुणी लागत नव्हते. सगळा गाव त्यांना मामा म्हणायचा, म्हणून मीही. पेणमध्ये एका सरकारी कचेरीत ते शिपाई होते. निवृत्त झाले तेव्हा खाकी कपड्यांचे दोन जोड आणि पट्ट्यावरचा पितळी बिल्ला त्यांनी परत केला नाही. कपडे फाटेपर्यंत घातले. बिल्ल्याला वेगळं काम लावलं.

आमचा गाव हमरापूरच्या पलीकडे, खाडीला लागून. इथली शेतं भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहेत आणि मध्ये आहे तो नुसता मातीचा बांध. उधाणाच्या दिवशी दुपारी बांधावर उभं राहिलं तर एका हाताला खाडी पावलांशी आलेली असते आणि दुसऱ्या हाताला भाताचे शेंडे आपल्या गुडघ्यांच्याही खाली असतात. पाहुणा माणूस ते बघून दोन पावलं मागे सरतो. आम्ही सरत नाही. आम्हाला सवय झालेली असते, आणि सगळं नुकसान त्या सवयीनेच होतं.

पूर्वी म्हणे घरटी एक माणूस बांधावर जायचा. मग बांध सरकारचा झाला, माणसं कंपन्यांच्या शिफ्टला जायला लागली आणि बांध कुणाचाच राहिला नाही. मामा सांगायचे, "तीस वरसं मी बांधाच्या फायली ह्या टेबलावरनं त्या टेबलावर नेल्या. पाहणी केली, बांध सुस्थितीत आहे, खाली सही. पंख्याखाली बसून. कागदावर आपला बांध एकदासुद्धा फुटला नाय बघ." एवढं बोलून ते हसायचे. ते हसणं मला आवडायचं नाही. त्यात विनोद कमी असायचा.

मी त्यांच्या हाताला लागलो तो माझ्याच कचऱ्यामुळे. माझा गणपतींचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड, ओळीने मूर्ती आणि रंगांचे डबे. मूर्ती साच्यातून काढताना हात मोडतात, सोंडा तुटतात. हे तुकडे आम्ही मागच्या ओहोळात टाकायचो. सगळेच टाकायचे. एका सकाळी मामा पाठीवर गोणपाट घेऊन शेडमध्ये आले आणि त्यांनी ते माझ्यासमोर ओतलं. पांढरे हात. आशीर्वाद देणारे, मोदक धरलेले, शेवाळ चढलेले देवाचे हात.

"तुझे हायत ना?"

मी म्हटलं, "माझेच कशावरून? इथं घरोघरी कारखाने आहेत."

"सगल्यांकडं जाऊन आलो. सगले हेच बोलले. उघाडीच्या झडपेत अडकलेले. झडप मिटत नव्हती."

उघाडी म्हणजे बांधाच्या पोटातली मोरी. तिला झडप असते. ओहोटीला पावसाचं पाणी ती ढकलून बाहेर जातं, भरतीला खाडीच झडप दाबून बंद करते. त्या झडपेत माझ्या देवाचा हात अडकला होता आणि त्या फटीतून खारं पाणी कुणाच्या तरी भातात जात होतं. मला लाज वाटली. मागे खड्डा खणून घेतला, तुकडे आणि साचे धुतलेलं पाणी तिथे जिरवायला लागलो. पुढच्या अमावास्येला मामा पुन्हा आले आणि माझ्या पायांकडे बघत म्हणाले, "पेंटर, चल जरा चालू."

असे आम्ही सातजण झालो. आमच्या गटाला नाव नव्हतं. दर अमावास्या-पुनवेला, उधाणाच्या सकाळी ओहोटी असताना, एकाने बांध चालायचा. उघाडीपासून पार दुसऱ्या टोकाच्या जुन्या तिवराच्या, खारफुटीच्या झाडापर्यंत, दीड तासाची वाट. अनवाणी. खेकड्याची बिळं शोधायची, चिखल आणि पेंढा भरून बुजवायची, पायाने तुडवायची. तिवरं कुणी तोडली असतील तर येऊन सांगायचं. पाळी चुकली तर मामा ओरडत नसत. दारात येऊन उभे राहायचे, समन्स घेऊन आल्यासारखे, तळहात पुढे करून. चहा घेणार नाहीत, बसणार नाहीत. बायको म्हणायची, "अहो, जा एकदाचे, मला अंगणात यायची चोरी झालीय."

पाळी झाली याचा पुरावा म्हणून वहीत सही करावी, असं आमच्यातल्या गुरुजींनी सुचवलं होतं. मामांनी वही हातातसुद्धा घेतली नाही. "सही घरी बसून होते. मी आयुष्यभर तेच बघितलं." मग त्यांनी आपला पितळी बिल्ला त्या टोकाच्या तिवराला खिळ्यावर टांगला. पाळीवाल्याने रिकाम्या हाताने जायचं, येताना बिल्ला घेऊन यायचं आणि मामांच्या हातात द्यायचा. ते पाय बघणार, बिल्ला घेणार आणि दुसऱ्या दिवशी स्वतः चालत जाऊन तो पुन्हा टांगणार. "बिल्ला आणायला पाय लागतात," ते म्हणायचे. शिपायाच्या या एका वाक्यावर आमचा सगळा कारभार चालायचा.

त्यांची बांधाची परीक्षा बघण्यासारखी होती. चालता चालता थांबायचे, टाच आपटायचे, मान तिरकी करायचे. "पोकळ हाय." आम्हाला काही कळायचं नाही. उकरलं की आत बीळ निघायचंच. शेताच्या बाजूची माती बोटाने उचलून जिभेवर ठेवायचे आणि थुंकून सांगायचे, आलं की नाही आलं. खारं पाणी आलं की नाही, एवढाच त्याचा अर्थ. खेकड्यांना ते साहेब म्हणायचे. "साहेब आत बसलेत. वरनं काय दिसणार नाय. आतनं सगळं पोखरून झालं की मग पंचनाम्याला येतील."

एकदा मुंबईहून पंचवीस-तीस मुलंमुली बॅनर घेऊन खाडी वाचवायला आली. त्यांनी बांधावर ओळीने उभं राहून फोटो काढले. मामांनी ते शांतपणे बघितलं. मग प्रत्येकाच्या हातात चिखलाचं एकेक घमेलं दिलं. अर्ध्या तासात निम्मी मुलं बसच्या सावलीत गेली. एक मुलगी मात्र दुपारपर्यंत चिखल वाहत राहिली. निघताना तिने विचारलं, "आजोबा, तुमचा एक फोटो?" मामा म्हणाले, "माझा कशाला? तुझ्या पायांचा काढ गो. आईला दाखव."

बीळ बुजवण्याची त्यांची एक रीत होती, आणि गावाला ती कधी पटली नाही. बिळाच्या तोंडात चिखल कोंबून भागत नाही, आत पोकळी तशीच राहते. म्हणून आधी बीळ वरून तळापर्यंत उकरायचं, मोठं करायचं आणि मग खालून वर भरत यायचं. त्यांच्या कमरेला आता चिखल उचलणं झेपत नव्हतं. ते पहाटे जाऊन उकरून ठेवायचे, शेजारी काठी रोवून तिला लाल फडकं बांधायचे. पाळीवाल्याने लाल फडकं दिसलं की तिथे थांबायचं आणि पाणी चढायच्या आत बुजवायचं. उघडं केलेलं बीळ त्याच ओहोटीत मिटलं पाहिजे. वर्षानुवर्षं हे चाललं. कधी चुकलं नाही.

गणपती चार दिवसांवर आले होते. अमावास्या होती आणि पाळी माझी होती. आमच्या धंद्यात ते दिवस कसे असतात ते बाहेरच्याला सांगून कळणार नाही. संध्याकाळी टेम्पो भरायचा होता आणि चार ओळी मूर्तींचे डोळे आखायचे राहिले होते. डोळे आमच्याकडे मीच आखतो. दुसऱ्याचा हात तिथे चालत नाही.

बांधाच्या त्या टोकापर्यंत डांबरी रस्ता वळसा घालून जातो, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, एवढंच. माझ्या आलं. मोटारसायकलवरून दहा मिनिटांत तिवरापाशी पोचलो. चप्पल काढून चार पावलं चिखलात गेलो, खिळ्यावरचा बिल्ला काढला, परत निघालो. मामा पाय बघतील म्हणून पोटरीपर्यंत चिखल फासून घेतला. हे मी आजवर बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही.

मामा घरी नव्हते. त्यांची मुलगी रोह्याजवळच्या अष्टमी गावात दिली होती, तिला बरं नव्हतं म्हणून सकाळच्या एसटीने गेले होते. मामींनी बिल्ला घेतला, देवाच्या फळीवर ठेवला आणि म्हणाल्या, "लाल फडकं दिसलं ना रं बाबा? पहाटे उकरून गेलेत. भलं मोठं बीळ हाय बोलले. मी बोलली, मग आज जाऊ नका. तर बोलले, पेंटरची पाळी हाय, कालजी नाय."

मी दारात उभा होतो. आठ वाजले होते. पाणी दहाशिवाय बांधाला लागणार नव्हतं.

"व्हय, दिसलं," मी म्हणालो. "बुजवलं."

"चहा घे."

"नको मामी, डोळे राहिलेत."

मी जाणार होतो. हे मी स्वतःला सोडवायला लिहीत नाही, खरंच जाणार होतो. एक ओळ संपवून नऊ वाजता जायचं ठरवलं. डोळे आखताना श्वास धरावा लागतो, हात हलला तर देव तिरळा होतो. एक ओळ झाली, दुसरी घेतली. मध्ये एकदा आठवण झाली तेव्हा साडेदहा झाले होते, आणि मनात म्हटलं, आजवर कुठे काय झालंय.

बाराच्या सुमाराला बांधाकडून आरडाओरडा ऐकू आला.

मी पोचलो तेव्हा बैलगाडी जाईल एवढी खांड पडली होती आणि माती दोन्ही बाजूंनी ढासळत होती. पाणी आत येताना आवाज फार होत नव्हता. लाल फडक्याची काठी भातात आडवी तरंगत होती. भात पोटरीत, कणीस बाहेर पडायच्या बेतात आलेलं होतं. संध्याकाळच्या ओहोटीला पाणी उतरलं, रात्री पुन्हा आलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा. गावातली सगळी माणसं मिळून खांड बुजवेपर्यंत अर्ध्या शिवाराचं भात करपल्यासारखं तांबडं झालं होतं. ती जमीन पुढचे दोन-तीन पावसाळे तरी गोडी होणार नव्हती. गणपतीत त्या वर्षी आरत्या झाल्या, पण ढोलकी कुणी काढली नाही.

देवळात बैठक झाली. ज्याचं सगळंच शेत गेलं होतं तो एक शेतकरी उभा राहिला. मामांच्याच वयाचा, लहानपणी त्यांच्याबरोबर खाडीच्या चिखलात निवट्या मासे पकडलेला. "खेकडा परवडला," तो म्हणाला. "त्याला दोन नांग्या. ह्याला कुदळ हाय! अमावास्येच्या दिवशी बांध उकरून हा लेकीकडं गेला जेवायला!"

कुणीतरी हसलं. मामा खांबाला टेकून बसले होते. ते उठले.

"माझ्यामागं बुजवायला माणूस होता. बिल्ला आलाय," ते म्हणाले. "बिल्ला आलाय म्हंजे पेंटर चालून गेला. माझ्या बायकोला बोलला, बुजवलं. त्याच्याकडं बोट दाखवू नका. त्यानं बुजवलेलं बसलं नाय, म्हंजे उकरताना माझाच हात जास्ती खोल गेला. तळ हलला असणार."

गुरुजींनी मला विचारलं, "तू भरलंस तेव्हा कसं वाटलं होतं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. फक्त मामा बघत नव्हते, मी खोटं बोलेन हे त्यांच्या मनातही नव्हतं. त्या शेतकऱ्याची बायको भिंतीशी पदर तोंडात धरून बसली होती. आत्ता सांगितलं तर हे लोक मला उभा ठेवणार नाहीत, एवढं मला कळलं. मूर्ती घ्यायला उद्या कोण येईल, हेसुद्धा मनात आलं.

"नीट होतं," मी म्हणालो. "घट्ट वाटलं होतं."

मामांनी मान हलवली, जणू हिशेब जुळला. बैठकीने ठरवलं की म्हाताऱ्याने यापुढे बांधाला हात लावायचा नाही. त्यांची कुदळ पोलीसपाटलाच्या पडवीत ठेवली. जाताना त्यांनी माझ्या हातात बिल्ला दिला. "तू ठेव. त्या दिवशी आपलं काम केलेला तूच एक."

कचेरीतून साहेब आले, बूट घालून. बांधाच्या जरा अलीकडे उभं राहून पाहणी केली. कागदावर काय लिहिलं ते मला माहीत नाही. मामा तिथे आले नव्हते.

त्यानंतर लोक त्यांच्याशी भांडले नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं. ते बांधाकडे निघाले की पोरं मागून ओरडायची, "मामा, कुदळ विसरली!" दुकानात बायका त्यांना जागा द्यायच्या पण बोलायच्या नाहीत. मामी गेल्या तेव्हा खांद्याला माणसं जेमतेम जमली. मग मुलगी येऊन त्यांना अष्टमीला घेऊन गेली.

आणि मी चालायला लागलो. दर अमावास्येला, दर पुनवेला, दुसऱ्याची पाळी असली तरी. अनवाणी. उकरायचं कसं ते मला येत होतंच, भरायचंही आलं. टाच आपटून पोकळ ओळखता येऊ लागलं. गट वाढला, त्याला नाव मिळालं, एकसारखे टीशर्ट आले. तालुक्याला एका कार्यक्रमात मला शाल दिली. सूत्रसंचालन करणारी मुलगी म्हणाली, ज्या दिवशी बांध फुटला त्या दिवशीही हा माणूस चालला होता. टाळ्या झाल्या. मी शाल घेतली.

गेल्या माघात मी अष्टमीला गेलो. गडबवरून पुढे जाताना दोनदा वाटलं, परत फिरावं. मामांचं घर म्हणजे मुलीच्या घरामागची एक खोली. त्यांची दृष्टी गेली होती. मुलगी हळूच म्हणाली, "रोज दुपारी पुलावर न्यावं लागतं. कुंडलिका नदीचा वास घेऊन सांगतात, आता भरती. पुलावरची माणसं हसतात हो."

मी त्यांच्यासमोर खाली बसलो आणि सगळं सांगितलं. डांबरी रस्ता, मोटारसायकल, फासलेला चिखल, मामींना बोललेलं खोटं, बैठकीत बोललेलं खोटं. काही गाळलं नाही. म्हटलं, "मामा, तुमचा हात खोल गेला नव्हता. मी बुजवलंच नव्हतं. मी तिथं गेलोच नव्हतो."

ते हसले, आणि या वेळी ते हसणं जुनं नव्हतं. त्यात प्रेम होतं.

"एवढ्या लांब हे सांगायला आलास? म्हाताऱ्याचं ओझं उतरवायला?"

"खरं सांगतोय, मामा. देवाशपथ."

"देव तू रंगवतोस, त्याची शपथ घेऊ नको. बिल्ला आलता, पेंटर."

"मोटारसायकलवरून आणला, मामा!"

"आन माझ्या बायकोशी तू खोटं बोलशील? तिच्या हातचा चहा पिणारा?" त्यांनी हात पुढे केला. तोच तळहात, दारात उभे राहून पुढे करायचे तो. "पाय दे इकडं."

मला कळेना. त्यांनी चाचपडत माझा घोटा धरला, पाऊल मांडीवर ओढून घेतलं आणि टाचेवरून अंगठा फिरवला. भेगांवरून, खाऱ्या चिखलाने जाड झालेल्या कातडीवरून, बोटांच्या बेचक्यातल्या जुन्या जखमांवरून. हे पाय मी त्या दिवसानंतर कमावले होते. ते त्यांना कसं सांगणार होतो? मी सांगू लागलो. त्यांनी ऐकलं नाही.

"हे पाय मोटारसायकलवाल्याचे नाय," ते म्हणाले. "बांधाचे हायत. मला फसवतोस?" माझं पाऊल त्यांनी अलगद खाली ठेवलं आणि आत हाक मारली, "चहा टाक गो. पेंटर आलाय. चांगला माणूस हाय, पण खोटं बोलायला येत नाय त्याला."